एकशे एकोणिसावी त्रोवातो

१

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी करुणा मेलबर्नमधल्या फुटस्क्रेहून बस पकडायची आणि नदी ओलांडून ॲव्हनडेल हाइट्सला उतरायची. थांब्यापासून सातवं घर. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, अंगणात गवताऐवजी फरशी, आणि फरशीतून मान काढून उभं असलेलं एकच लिंबाचं झाड. पुढचं दार कधी वाजवायचं नाही, बाजूच्या बोळातून मागं गॅरेजमध्ये जायचं, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं होतं. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. तिथं दुसरं स्वयंपाकघर होतं, आणि खरं स्वयंपाक-पाणी, रडणं-भांडणं सगळं तिथंच चालायचं. घरातलं आतलं स्वयंपाकघर चकचकीत होतं, पण त्यात तीस वर्षांत कुणी कांदासुद्धा चिरला नव्हता. पुढच्या खोलीतल्या सोफ्यांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. कुणीतरी येणार म्हणून ती खोली कायम तयार असायची, आणि कुणी येत नसे.

घर कार्मेलाबाईंचं. वय चौऱ्याऐंशी, नवरा जाऊन अकरा वर्षं, अंगावर अजून काळे कपडे. सगळे त्यांना नोन्ना म्हणत, म्हणजे इटालियनमध्ये आजी. करुणाही म्हणू लागली होती. त्यांचा मुलगा फ्रँक साठीला आलेला, टाइल्सच्या दुकानाचा मालक. दर मार्चमध्ये टोमॅटोचा वर्षभराचा रस करून बाटल्या भरायच्या दिवशी सगळं गोत या घरी जमायचं. यंदा, म्हणजे २००८ साली, त्या दिवशी एक पुस्तिका वाटायची असं फ्रँकनं ठरवलं होतं. आपलं त्रोवातो हे आडनाव आलं कुठून आणि मेलबर्नमध्ये आज त्रोवातो आहेत किती. ज्या लायब्ररीत करुणा संध्याकाळी पार्टटाइम काम करायची, तिथं तो आला आणि काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "मॉलमध्ये एकानं मला आमचं राजचिन्ह फ्रेम करून विकलंय. दोन गरुड आणि एक तलवार. ते खरं आहे का, एवढं शोधून दे."

काम करुणाच्या हातचं होतं. ग्रंथालयशास्त्राचा दोन वर्षांचा कोर्स नोव्हेंबरातच संपला होता. एप्रिलमध्ये पदवी हातात पडली की ती सेलूला परतणार होती, आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वाचनालय काढणार होती. त्याचं सगळं तिनं वहीत मांडून ठेवलं होतं. खुर्च्या किती, वर्तमानपत्रं कोणती. आणि एक गोष्ट तिनं लाल शाईनं अधोरेखित केली होती: सभासदाच्या कार्डावर आडनावाचा रकाना नसेल.

कारण तिला स्वतःला आडनाव नव्हतं. तिचे वडील यादवराव सेलूच्या शाळेत मुख्याध्यापक होते, गेल्या वर्षीच निवृत्त झालेले. लेकीचं नाव शाळेत घालताना त्यांनी तो रकाना कोरा सोडला. "आडनावात माणूस दिसत नाही, गावाची वेस दिसते," ते म्हणायचे. "आपण कोणत्या बाजूला राहत होतो, ते लोकांना तेवढ्यावरून कळतं." लहानपणी रोज संध्याकाळी ते तिची उजळणी घ्यायचे.

"नाव?"

"करुणा."

"पुढं?"

"एवढंच."

पाव्हणा असो, मास्तर असो, एस.टी.तला शेजारी असो, हे असंच सांगायचं आणि मान खाली घालायची नाही. तिनं ती कधी घातली नव्हती. फक्त विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला कोरा रकाना चालेना, म्हणून त्यानं तिथं एक टिंब टाकलं होतं. तिच्या कार्डावर नावापुढं ते टिंब होतं.

"इथं बरंय बघ," खोलीतली मैत्रीण भावना म्हणायची. ती कल्याणची, कुकरीच्या कोर्सला आलेली. "इथं आडनाव विचारलं ना, तर फक्त स्पेलिंगसाठी विचारतात."

२

आडनावाचा उगम शोधायला तिला चार दिवस लागले. गरुड नव्हते, तलवार नव्हती. सिसिलीत, दूरच्या काळात, नको असलेली मुलं लोक अंधारात अनाथालयाच्या भिंतीशी आणून ठेवत. भिंतीत एक फिरतं लाकडी चाक असे. बाहेरच्या हातांनी मूल ठेवायचं, चाक फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतले हात मूल उचलत. त्याला मागचं-पुढचं काही नसे, म्हणून कारकून त्याच्यापुढं लिहायचा: त्रोवातो. सापडलेला. ज्यांना कुणीच नव्हतं, त्यांच्या पोटी पुढं मुलं झाली, नातवंडं झाली, आणि आता मेलबर्नच्या टेलिफोन डिरेक्टरीत त्यांचा दीड रकाना भरत होता. तिनं बोट ठेवून मोजले. एकशे अठरा.

तिनं फ्रँकला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ राजचिन्हाकडं बघत बसला. मग हसला. "म्हणजे सातशे डॉलर पाण्यात. मम्मा, तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं," कार्मेलाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "बोलत कुणी नाही. घंटेचा आवाज थांबायच्या आत मुलाला आडनाव द्यायचं. नाव मागाहून, चर्चमध्ये पाणी शिंपडताना. कोरं ठेवायचं नाही."

"का?"

बाईंनी शेंग तोडली. "कोऱ्या जागी कुणीतरी बसतं."

करुणाला यात काही भीतिदायक वाटलं नाही. उलट तिला हेवा वाटला. फ्रँकबरोबर ती मार्केटमध्ये गेली होती तेव्हा एका भाजीवाल्यानं त्याचं नाव ऐकून विचारलं होतं, "त्रोवातो? कुणाचा?" आणि फ्रँकनं आजोबांचं नाव सांगताच त्यानं फळीवरून उडी मारून त्याला मिठी मारली होती. हाच प्रश्न. सेलूच्या स्टँडवर तिला शंभरदा विचारलेला, तोच प्रश्न. तिथं त्याची सुरी व्हायची आणि इथं मिठी. बसमध्ये परतताना ती खिडकीला डोकं टेकून नुसती दुकानांच्या पाट्या वाचत होती आणि प्रत्येक पाटीवर कुणाचं तरी आडनाव होतं.

एकशे अठरा घरांना तिनं एकेक पत्र पाठवलं आणि सोबत उत्तराचं कार्ड जोडलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव. गोंधळ नको म्हणून सोबत भरलेल्या नमुन्याची एक प्रतही घातली. नमुना स्वतःच्याच नावानं भरला: करुणा, यादवराव, सेलू. आडनावाची ओळ सवयीनं, आणि खरं सांगायचं तर थोड्या ताठ्यानं, तशीच कोरी सोडली.

एकशे अठरा पाकिटं तिनं एका गुरुवारी पोस्टात टाकली. म्हणजे एकशे अठरा घरांत तिचं अर्धं नाव गेलं.

३

उत्तरं कार्मेलाबाईंच्या पत्त्यावर येऊ लागली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलनं क्रमांक घातला होता. ती ते बघून यादीवर खूण करायची. लोकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणी आजीचं गाव, कुणी जहाजाचं नाव, कुणी गमतीनं नुसतीच "तुमचा सांताक्लॉज" अशी सही केली होती.

तिसऱ्या आठवड्यात एक कार्ड आलं, त्यावर तिकीट नव्हतं. कुणीतरी हातानंच पेटीत टाकलेलं. ते उत्तराचं कार्ड नव्हतंच. तिनं पाठवलेला नमुना होता. करुणा, यादवराव, सेलू. आणि कोऱ्या ओळीवर निळ्या शाईत, जपून, जरा डावीकडं कललेल्या अक्षरात: त्रोवातो.

ती हसली. कुणातरी मिश्किल म्हाताऱ्याचं काम. फ्रँकला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "झालं! दत्तक घेतलं तुला, मेट."

मग तिची नजर कोपऱ्याकडं गेली. पेन्सिलनं ११९ लिहिलेलं होतं.

नमुन्यांवर तिनं क्रमांक घातलेच नव्हते, आणि कार्डांवरचे क्रमांक एकशे अठराला संपत होते. तरी हा नऊ तिचा होता. सेलूच्या शाळेत शिकलेला, शेपटीला गळासारखा बाक असलेला नऊ. या देशात तो दुसऱ्या कुणाच्या हातातून उतरलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं मनाशी नीट विचार केला. घाईत एखाद्या प्रतीवर आकडा घातला असेल. शेवटच्या पाकिटाच्या वेळी मान आखडली होती, लक्ष नव्हतं. असं होतं. होऊ शकतं.

कार्ड इतरांबरोबर खोक्यात ठेवायचं सोडून तिनं ते पर्समध्ये ठेवलं. ट्रॅमच्या पासच्या मागं. बसमध्ये दोनदा काढून बघितलं. ते नाव तिच्या नावापुढं किती नीट बसलं होतं, जसं काही कुणी जागा मोजून सोडली होती.

४

फेब्रुवारीच्या शेवटी नवी टेलिफोन डिरेक्टरी आली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, दारोदार टाकलेली. पुस्तिकेत ताजा आकडा हवा म्हणून करुणानं गॅरेजच्या टेबलावर ती उघडली आणि बोट ठेवून मोजलं. एकशे एकोणीस. पुन्हा मोजलं, खालून वर. एकशे एकोणीस. मग जुनी डिरेक्टरी शेजारी ठेवून ओळीनं ओळ जुळवली. सगळी नावं तीच होती. फक्त मध्ये एक नवीन होतं. त्रोवातो के. आणि पत्ता याच घराचा.

"नोन्ना, इथं के कोण?"

कार्मेलाबाई कढईत लसूण परतत होत्या. त्यांनी मागं न बघता झारा घराच्या आतल्या बाजूला केला. "तिलाच विचार."

"कुणाला?"

"दुपारी झोपते ती. उठली की विचार."

घर शांत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या बोलण्याला किती महत्त्व द्यायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. फ्रँकनंही फोनवर तेच सांगितलं. आई अलीकडं गोंधळते, छापणाऱ्यांनी काहीतरी घोळ केला असेल, नो वरीज. पण त्या दिवशी सामान आवरताना आतल्या बोळापलीकडं, जिथं कुणी पाऊल टाकत नसे त्या पुढच्या खोलीत, सोफ्यावरचं प्लॅस्टिक चुरचुरलं. बसलेलं माणूस कूस बदलतं, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुटस्क्रेच्या खोलीवरून तिनं डिरेक्टरीतला तो नंबर लावला. कार्मेलाबाईंचा नंबर वेगळा होता, हे तिनं आधी तपासलं होतं. भावना गादीवर पाय पसरून नखं रंगवत होती.

"कुणाला लावतेस?"

"कामाचा आहे."

चौथ्या घंटीला कुणी तरी उचलला. आधी आवाज ऐकू आले ते गॅरेजमधले. झाऱ्याचा ठणका, नळाची धार, आणि कार्मेलाबाईंचं हसणं. असं मोकळं हसताना करुणानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग कुणी तोंडातला घास गिळला आणि म्हणालं, "प्रोंतो?"

आपला आवाज बाहेरून कसा येतो, हे माणसाला सहसा माहीत नसतं. करुणाला माहीत होतं. बाबांनी तिच्या लहानपणच्या भाषणांच्या कॅसेट केल्या होत्या. तोच आवाज. किंचित बसका, शेवटचं अक्षर वर उचलणारा.

"हॅलो?" तो आवाज इंग्रजीत म्हणाला. मायेनं, अजिबात घाई न करता. "कोण बोलतंय?"

करुणानं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही. तिनं फोन ठेवून दिला.

"काय गं, काय झालं?" भावनानं ब्रश बाटलीत टाकला. "चेहरा बघ तुझा. आणि हे काय, तू परत कशी आलीस?"

"परत म्हणजे?"

"अगं, सकाळी बॅग घेऊन गेलीस ना? म्हणालीस, आता तिकडंच राहणार, नोन्नाकडं. मी म्हटलं, भाडं तरी देऊन जा. किती हसलीस तू."

करुणा सकाळपासून लायब्ररीत पुस्तिकेचा मजकूर जुळवत बसली होती. तिनं खाटेखाली वाकून पाहिलं. बॅग नव्हती.

५

टोमॅटोचा शनिवार उजाडला. जावं की नाही, यावर करुणानं दोन दिवस घालवले होते. शेवटी ती गेली. पुस्तिका छापून आली होती, फोटो तिनंच काढायचे ठरले होते, आणि उजेडात, एवढ्या माणसांत काय होणार? आणखी एक कारण होतं, ते तिनं भावनालाही सांगितलं नाही. फोनमधलं ते हसणं तिच्या कानातून जात नव्हतं. ते तिच्यासाठी नव्हतं, हे तिला सहन होत नव्हतं.

मागच्या अंगणात निळी ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर टोमॅटोचे लाल ढीग. बायका देठ काढत होत्या, माणसं यंत्राचं हँडल फिरवत होती, लोखंडी पिंपात बिअरच्या जुन्या बाटल्या रसानं भरून उकळत होत्या. हवेत तुळशीसारखा वास होता. ती त्यांची तुळस, पानं मोठी, वास गोडसर, पण करुणानं एक पान उचलून मुठीत चुरगळलं.

फ्रँकची मावशी नीना हिनं तिच्याकडं एप्रन फेकला. "घे. अगं, पण तुझा तर आत्ता ओला होता? सकाळपासून बाटल्या धुतेयस, केव्हा वाळला?"

"मी आत्ताच आले, मावशी."

नीना मावशी हसल्या. "सगळे कामचुकार त्रोवातो हेच म्हणतात."

दुपारी लांबच लांब टेबल मांडलं. यादीत तीस माणसं होती, करुणा सोडून. टेबलावर एकतीस ताटल्या होत्या. आपलीच जागा, असं तिला वाटलं, आणि वाटून बरं वाटलं. कार्मेलाबाईंच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. ती तिथं बसायला गेली आणि थांबली.

ताटलीत कुणीतरी आधीच जेवून गेलं होतं. रस पुसून घेतलेला. आणि काठावर पावाच्या कडा, फक्त कडा, मऊ भाग खाऊन एकापुढं एक ओळीनं लावलेल्या. करुणा भाकरीचं असंच करायची. पोपडा खायची आणि कडा ताटलीच्या काठावर मांडून ठेवायची. आई ओरडायची, "कडा कोण खाणार, तुझी जुळी बहीण?" ती सवय तिनं ऑस्ट्रेलियात कुणाला दाखवली नव्हती.

"फोटो!" फ्रँक ओरडला. "सगळे इकडं! करुणा, घे बघू."

सगळे लिंबाखाली दाटीवाटीनं उभे राहिले. करुणानं कॅमेरा डोळ्याशी नेला. बोटानं माणसं मोजायची सवय तिच्या हाताला लागली होती. तीस. कार्मेलाबाई मधोमध, खुर्चीत. आणि त्यांच्या मागं आणखी एक. तिची पाठ कॅमेऱ्याकडं होती, ती नीना मावशीशी काही बोलत होती. कमरेपर्यंतची वेणी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, मनगटाला टोमॅटोचा रस. फक्त कान दिसत होता आणि गालाची कड. गालाची कड हळूहळू इकडं वळू लागली.

करुणानं बटण दाबलं आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा माणसं पांगली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकतीस जण होते. त्या एकीचा चेहरा अजून पुरता वळला नव्हता. तिनं तो मोठा करून पाहिला नाही. तिची नजर दुसरीकडंच खिळली होती. कार्मेलाबाईंनी न बघता हात मागं नेला होता आणि तिच्या हातावर ठेवला होता. जन्मभराच्या सवयीनं ठेवतात, तसा.

भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण बसथांब्यावर उभं राहून करुणा रडली ती भीतीनं नाही.

६

पुढच्या मंगळवारी विद्यापीठाचं पत्र आलं. आपण काउंटरवर येऊन दिलेल्या अर्जानुसार पदवीपत्रावरील नाव 'करुणा त्रोवातो' असे छापण्यात येईल. हरकत असल्यास सोबतच्या अर्जावर आपलं योग्य नाव लिहून, सही करून शुक्रवारपर्यंत परत करावा.

खाली अर्जाची ओळ. दोन रकाने. नाव. आडनाव.

दोन मिनिटांचं काम. करुणा, आणि पुढं त्यांचं ते टिंब. ही सही झाली नाही तर सेलूच्या वाचनालयाच्या भिंतीवर जे पदवीपत्र लागायचं, त्यावर ते नाव असेल. बाबा रोज सकाळी चष्मा लावून ते वाचतील. ज्या माणसानं तिच्यासाठी एक जागा आयुष्यभर कोरी राखली, तो ते वाचेल. एवढं स्पष्ट असताना हात का उचलत नाही, हे तिला कळेना. बुधवारी तिनं तीनदा पेन उघडलं. गुरुवारी अर्ज पर्समध्ये घालून ती नेहमीच्या बसनं ॲव्हनडेल हाइट्सला गेली. काय आहे ते एकदा समोरासमोर बघायचं आणि मग सही करायची, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आज पुढचं दार उघडं होतं.

तिनं कधी या दारानं पाऊल टाकलं नव्हतं. आत पुढची खोली. सोफ्यांवरची प्लॅस्टिकची आवरणं काढून नीट घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. सोफ्याचा मूळ रंग गुलाबी होता. मधल्या सोफ्यावर बसून दबलेला एक खळगा, हात लावला तर उबदार. खाली तिची बॅग. भिंतीवर गरुड-तलवारीच्या जागी शनिवारचा फोटो. ती जवळ गेली नाही.

मागं, गॅरेजच्या बाजूला, कार्मेलाबाई ताटल्या मांडत असल्याचं ऐकू येत होतं. एक ताटली. दुसरी. तिसरी.

"करू!" त्यांनी हाक मारली. "करू, ये गं, गार होतंय!"

करू तिला फक्त बाबा म्हणत. या देशात ते नाव तिनं उच्चारलंसुद्धा नव्हतं. आणि तरी काय हाक होती ती! उन्हात खेळून दमलेल्या पोरीला घालावी, अशी. करुणाचे पाय आपोआप एक पाऊल पुढं गेले. तेव्हा आतल्या बोळातून दुसऱ्या कुणाच्या तरी अनवाणी पावलांचा आवाज आला, आणि ती थांबली.

कोपऱ्यातल्या तिवईवर फोन होता. तिनं पर्समधून फोनकार्ड काढलं आणि भराभर आकडे दाबले. सेलूला सकाळचे साडेनऊ वाजले असतील. यंत्रातली बाई म्हणाली, आपल्याकडं चार मिनिटं शिल्लक आहेत.

"जयभीम, बाबा."

"जयभीम." मागं चिमण्या, आणि कुणाच्या तरी बादलीची कडी. "बरी आहेस ना?"

"हो."

"नाही, म्हटलं, परवा फोन केला होतास तेव्हा जरा वेगळीच वाटलीस."

करुणानं भिंतीला हात टेकला. "परवा?"

"विसरलीस? मी आपली नेहमीची गंमत केली. नाव विचारलं. पुढं विचारलं." यादवराव शाळेत कधी आवाज चढवत नसत. राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. आता तो खालीही गेला नव्हता, नुसता म्हातारा झाला होता. "तू आडनाव सांगितलंस. छान आहे म्हणालीस, सगळे कवेत घेतात म्हणालीस. मी काही बोललो नाही. म्हटलं, एवढ्या लांब, एकटी पोर. वाटलं असेल तिला. आपण कोऱ्या जागेचा अभिमान दिला, पण ती जागा रात्री किती गार पडत असेल, हे काही आपण बघायला गेलो नाही."

"बाबा, ती मी—"

"राहू दे. रागावलो नाही. तुझ्या आईला मात्र सांगितलं नाही मी." मग ते मुद्दाम हसले. उजळणी घेताना हसत तसे. "आज पुन्हा विचारतो. तुला वाटेल ते सांग. नाव?"

अर्ज तिच्या हातात होता. पेन तिवईवर, फोनच्या शेजारी, कुणी तरी आधीच टोपण काढून ठेवलेलं. निळी शाई. बोळातली पावलं खोलीच्या दारापाशी येऊन थांबली होती. करुणानं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराच्या चौकटीत तिला फक्त पाण्यानं ओलं झालेलं एक मनगट दिसलं, आणि ते मनगट सोफ्याच्या दिशेनं हललं. हाकललं नाही. येऊन सोफ्यावर बसून, सरकून जागा केली. गुलाबी कापडावर त्या हातानं दोनदा थापटलं, ये, बस, असं.

"करुणा," ती फोनमध्ये म्हणाली.

मागं, गॅरेजमध्ये, कार्मेलाबाईंनी तिसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. यंत्रातली बाई मध्येच म्हणाली, एक मिनिट शिल्लक आहे. आणि त्या आवाजाच्या पलीकडून, सेलूच्या ओट्यावरून, काही झालंच नाही अशा सुरात, पण श्वास रोखून, यादवरावांनी विचारलं,

"पुढं?"